सर, तांदूळ तुम्ही का मोजता?

(रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका माध्यमिक शाळेतल्या स्काऊटमास्तरांचं पत्र. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देत आहोत.)

"सहा वर्षं पथक सांभाळतोय. २८ मुलं, चार संघ. सहायक होते त्यांची बदली झाली. त्यांच्या जागी कागदावर नाव आहे, माणूस येत नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की सभा घेतो. डिसेंबरात समुद्राजवळ सुरूच्या बनात दोन रात्रींचं शिबिर ठरलंय. गेल्या वर्षी किराणा मीच आणला, भाजी मीच चिरली, रात्री अकरापर्यंत चुलीपाशीही मीच. मुलं येऊन विचारायची, 'सर, आता काय करू?' संघनायक नावापुरते. त्यात गावातल्या एका वजनदार पालकांचा आग्रह की आमच्या मुलालाच संघनायक करा. नववीत गेली की क्लासमुळे मुलं गळतात. मुख्याध्यापक विचारतात, राज्य पुरस्काराला यंदा किती? पालक फोन करतात, समुद्राजवळ नेताय, जबाबदारी कोणाची? घरी वेगळी बोलणी. सोडून द्यावंसं वाटतं. पण मी सोडलं तर पथक बंद पडेल. काय करू?"

सर,

सोडायचं की नाही, हा प्रश्न मे महिन्यापर्यंत बाजूला ठेवा. सहामाहीचे पेपर नुकतेच तपासून झालेत, शिबिर तोंडावर आलंय. अशा वेळी कोणालाही सोडावंसंच वाटतं. शिवाय वर्षाच्या मधेच तुम्ही बाजूला झालात तर ज्यांचे सोपान (राज्य पुरस्काराआधीचे टप्पे) अर्धवट आहेत त्यांच्या कामावर सही करायलाही कोणी उरणार नाही. मेपर्यंतचे महिने मात्र आत्ताच्या पद्धतीनं काढायचे नाहीत. पद्धत बदला, मग दमणूक किती उरते ते बघा आणि तेव्हा ठरवा.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला पटलं नाही. "संघनायक नावापुरते." अहो, किराणा तुम्ही आणलात, भाजी तुम्ही चिरलीत, चूल तुम्ही धरलीत. मग त्या चौदा वर्षांच्या पोरानं नायकपण करायचं कशावर? 'सर, आता काय करू?' असं मूल कधी विचारतं? पुढचं काम कोणतं आणि ते कोणाचं, हे त्याला आदल्या दिवशी कोणी सांगितलेलं नसतं तेव्हा. हीच मुलं घरी काजूच्या बिया वेचतात, वडलांबरोबर होडी वर ओढायला जातात, धाकट्या भावाला आंघोळ घालून शाळेत आणतात. शाळेच्या फाटकातून आत आल्यावर त्यांचे हात कामातून जात नाहीत. पटापट आवरावं म्हणून आपणच त्यांना बाजूला करतो.

संघ पद्धत म्हणजे नंतर कोणीतरी सुचवलेली सोय नव्हे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये स्काऊट चळवळीचे जनक बेडन पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राऊन्सी बेटावर पहिलं शिबिर भरवलं तेव्हाच मुलांचे चार संघ पाडले होते आणि प्रत्येक संघावर त्यातलाच एक मुलगा नायक नेमला होता. आपल्याकडे पुष्कळ शाळांत संघ म्हणजे हजेरीच्या चार रांगा, एवढंच उरलंय. तुमचे चार संघ प्रत्येकी सात मुलांचे. आकडा अगदी योग्य आहे. आता त्यांना खरं काम द्यायचं, आणि सगळ्यात सोपी सुरुवात स्वयंपाकापासून होते.

यंदा मोठा टोप आणूच नका. २८ जणांचा भात एका टोपात शिजवायचा ठरवलात की तो तुमच्याच गळ्यात पडतो, कारण तेवढा टोप मुलांना उचलतच नाही. चार संघ, चार चुली, आठ-आठ लिटरची चार पातेली. सात मुलांच्या मऊ खिचडीला तांदूळ ८०० ग्रॅम, मूगडाळ ३०० ग्रॅम, बटाटे अर्धा किलो, चार कांदे, तेल १०० मिली, पाणी चार लिटर आणि वर एक लिटर गरम पाणी बाजूला. मीठ ५० ग्रॅमच्या आत. खारट खिचडीचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: दोघांनी वेगवेगळं मीठ घातलेलं असतं. म्हणून मिठाची पुडी सबंध शिबिरभर एकाच मुलाच्या खिशात. हे सगळं संघनायकानं वहीत उतरवायचं, यादी करायची आणि संघानं दुकानातून स्वतः आणायचं. तुम्ही फक्त यादीवर नजर टाका. हळद अर्धा किलो लिहिलेली दिसेल. हसू नका, 'किती दिवस पुरेल?' एवढंच विचारा.

शिबिराच्या आधीचे तीन शनिवार यासाठी ठेवा. पहिल्या शनिवारी फक्त पाणी उकळायचं: दोन लिटर पाणी, स्वतः गोळा केलेलं सरपण, काडेपेटीच्या दोन काड्या. कोकणात सरपणाला तोटा नाही, पण प्रत्येकाचा गुण वेगळा. नारळाच्या सोडणाचा काथ्या पिंजून ठिणगी धरायला उत्तम. सुकी चुडतं (नारळाच्या झावळ्या) भडकन पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात, त्यांच्यावर भात शिजत नाही. करवंट्यांची आंच कडक, पण भांडं काळंकुट्ट करतात, म्हणून भांड्याला बाहेरून आधी ओल्या मातीचा हात फिरवायचा. सुरूची पडलेली मनगटाएवढी लाकडं सगळ्यात चांगली, निखारा धरून ठेवतात. झाड तोडायचं नाही, पडलेलंच घ्यायचं. दुसऱ्या शनिवारी खिचडी, तिसऱ्या शनिवारी खिचडी, आमटी आणि भांडी घासून जागा होती तशी करणं. एखाद्या संघाची खिचडी खाली करपेल, वर कच्ची राहील. उकळी आल्यावरही जाळ तसाच ठेवल्यानं असं होतं. तेव्हा पुढे होऊन पातेलं उतरवू नका. करपलेलं त्यांनी खावं, घासावंही त्यांनीच. पुढच्या खेपेला उकळी फुटल्यावर लाकडं मागे ओढायची हे तुम्हाला सांगावं लागणार नाही.

चुलीचे दगड जांभ्याचे, कोरडे घ्या. पऱ्यातले गुळगुळीत गोटे दिसायला छान, पण त्यांच्यात पाणी मुरलेलं असतं आणि तापले की ते फुटून कपच्या उडतात. कुठलाही दगड उचलण्याआधी काठीनं उलटवायचा. सड्यावर आणि गडग्यांच्या फटीत फुरसं बसलेलं असतं, रंगानं दगडमातीत सहज मिसळून जाणारं.

चुली कुठे मांडायच्या, हे किनाऱ्यावर फार महत्त्वाचं आहे. दुपारनंतर खारा वारा समुद्राकडून येतो, पहाटे मतलई वारा जमिनीकडून. दुपारी तुम्ही तंबूंच्या पूर्वेला चुली मांडता, धूर पलीकडे जातो, सगळं ठीक वाटतं. पहाटे चहाला जाळ केला की तोच धूर आणि ठिणग्या थेट तंबूंवर. म्हणून चुली तंबूंच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला, निदान वीस पावलं लांब. सुरूच्या बनात खाली वाळक्या पात्यांचा जाड थर असतो आणि तो आतल्या आत धुमसत जातो. चुलीभोवती तीन मीटरपर्यंत तो ओढून स्वच्छ वाळू दिसेपर्यंत जागा मोकळी करा. पाण्याच्या दोन बादल्या भरलेल्या. आणि एक गोष्ट मुलांना ठासून सांगा: निखाऱ्यांवर वाळू लोटून 'विझलं' म्हणायचं नाही. वाळूखाली निखारा तासन्‌तास तापलेला राहतो आणि सकाळी कोणीतरी अनवाणी त्यावर पाय देतं. समुद्राचं का होईना, पाणी ओता, काठीनं ढवळा, परत ओता.

आता पुढचा प्रश्न: मुलांना हे येईल कसं? शनिवारी सगळ्या २८ जणांना तुम्हीच शिकवता, म्हणून संघनायकाला इतरांपेक्षा जास्त काही येत नाही. त्याला आधी शिकवा. बुधवारी मधल्या सुट्टीत फक्त चार संघनायक आणि त्यांचे चार सहायक, वीस मिनिटं. समजा या शनिवारी बोलाइन गाठ आहे. बुधवारी ती या आठ जणांना पक्की करा आणि मुलं कुठे चुकतात तेही दाखवा. फास उलटा फिरवला की बोलाइन धरत नाही आणि ओढल्यावर सरफास होतो. माणसाच्या कमरेला बांधायच्या गाठीत हे चालणार नाही. शेपूट छोटं ठेवलं तर सुटते. दोरी नायलॉनची असली तर गुळगुळीतपणामुळे गाठ सैलावते, म्हणून शिकायला आठ मिलीमीटरची सुती दोरी, प्रत्येकाला अडीच-तीन मीटर, टोकं दोऱ्यानं बांधलेली. आठजणांत दोन दोऱ्या असल्या की दोघं शिकतात आणि सहाजण मस्ती करतात. शनिवारी संघनायक आपापल्या संघाला शिकवतील आणि तुम्ही हात मागे बांधून फिराल. पहिले दोन शनिवार गोंधळ होईल. होऊ द्या.

शनिवारची सभाही आटोपशीर करा. सकाळी सातला घरून निघालेलं मूल साडेअकराला उपाशी असतं, आणि आपण त्याला कवायतीला उभं करून वर 'उत्साह नाही' म्हणतो. आधी डबा. मग सव्वा तास पुरे: ध्वज आणि प्रार्थना दहा मिनिटं, एक पळापळीचा खेळ, पंचवीस मिनिटं संघाच्या कोपऱ्यात काम, एक संघासंघांतली चुरस, शेवटी दहा मिनिटं कोर्ट ऑफ ऑनर. तिथे फक्त संघनायक, पथकनायक आणि तुम्ही. पुढच्या शनिवारी काय, कोणाकडे काय सामान, कोण दोनदा गैरहजर. त्याची नोंद मुलानं लिहायची. अक्षर वाईट असेल, असू दे.

त्या वजनदार पालकांचा प्रश्नही इथेच सुटतो. त्यांना ना हो म्हणा, ना नाही. "आमच्याकडे संघ ठरवतो आणि कोर्ट ऑफ ऑनर पक्कं करतं," एवढंच सांगा, आणि खरोखर तसंच करा. त्यांचा मुलगा कदाचित चांगला नायक निघेल. त्यालाही इतरांसारखंच आधी सहायक म्हणून दोन महिने काढू दे.

इथवर सगळं मुलांकडे सोपवा म्हणतोय. पण काही कामं मुलांकडे द्यायचीच नाहीत, आणि माझ्या मते तुमची खरी गल्लत इथे आहे. मुलांना जमतील ती कामं तुम्ही रात्री अकरापर्यंत केलीत. त्यामुळे मोठ्या माणसानंच करायची जी कामं, त्यांना तुमच्याकडे ना वेळ उरला ना डोळ्यांत झोपेशिवाय काही. समुद्र, वाहन, औषधं, रात्रीचा पहारा, दवाखाना आणि पैसे, एवढं तुमचं. बाकी बहुतेक सगळं त्यांचं.

समुद्राबद्दल पालकांचा फोन येतो त्याला दमदाटीचं किंवा मोघम उत्तर देऊ नका. जबाबदारी कोणाची? तुमची आणि शाळेची, असंच सांगा, आणि ती कशी पार पाडणार ते कागदावर द्या. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. दिवसाची वेळ होती, शिक्षक सोबत होते. कोकणातले पालक ते विसरलेले नाहीत, आणि त्यांनी विसरूही नये. म्हणून नियम साधा ठेवा: या शिबिरात समुद्रात उतरायचं नाही. गुडघाभरही नाही. उताराच्या किनाऱ्यावर गुडघ्याएवढं पाणी दोन पावलांत छातीएवढं होतं आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. 'आमचा पोहतो हो' म्हणणाऱ्यांचं पोर विहिरीत पोहलेलं असतं. तिथे लाट नसते.

पाण्यात न उतरताही समुद्र शिकवता येतो, तो शिकवा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब मुलांना घालून द्या: तिथीची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची अंदाजे वेळ. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला आणि अमावस्येला सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पुरी ओहोटी. रोज भरती पाऊण-एक तास पुढे सरकते. हा अंदाज आहे, खाडीत आतवर पाणी उशिरा पोचतं, म्हणून छापील वेळापत्रकाशी आणि गावातल्या मच्छीमारांशी ताडून बघायचं. प्रत्येक संघानं वाळूत काठ्या रोवून दर तासाला पाणी कुठवर आलं ते टिपावं, तेही कोरड्या बाजूला उभं राहून आणि मोठं माणूस सोबत असताना. शिबिराची तारीख अजून हलवता येत असेल तर अष्टमीच्या आसपासची घ्या. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार वर येत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ते कुठवर येतं ते वाळूतच दिसतं: सुकलेलं शेवाळ, काटक्या, सुरूची बोंडं यांच्या एकाखाली एक दोन रेषा असतात. वरची रेषा धरायची आणि तंबू तिच्याही बरेच वर.

पाणी प्यायचंही मोजावं लागतं. पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी पाच लिटर धरा. २८ मुलं आणि तीन मोठी माणसं म्हणजे दिवसाला दीडशे लिटरच्या वर. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ निघू शकतं, आधी जाऊन चव घ्या. पाणी भरायला कोणी बागेतले निळे पिंप देऊ केले तर नको म्हणा. डिसेंबर-जानेवारीत आंब्याला मोहोर असतो, फवारण्या चालू असतात आणि पिंपात आधी काय कालवलं होतं हे सांगता येत नाही. त्याच कारणानं आयत्या वेळी 'आमच्या कलमांत राहा' असं आमंत्रण आलं तरी फवारणी कधी झाली ते विचारल्याशिवाय हो म्हणू नका. आग आणि मोहोर जवळ आलेली बागायतदारालाही नकोच असते.

जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात आधीच्या आठवड्यात स्वतः जाऊन या. सर्पदंशावरचं प्रतिविष (इंजेक्शन) कुठे आहे, रात्री डॉक्टर कुठे असतात, हे विचारा. दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करायचं नाही. मुलाला निजवायचं, हातपाय हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन आणि रुग्णालय. सुरूच्या बनात फोनला रेंज कुठे येते ती जागा पहिल्या दिवशी शोधून सगळ्या मोठ्यांना दाखवा. भाजलं तर वाहतं थंड पाणी वीस मिनिटं, टूथपेस्ट नाही. खाजकुयलीच्या शेंगा या दिवसांत वाळलेल्या असतात. संघनायकांना त्या आधी ओळखायला लावा, नाहीतर एक जण दुसऱ्याच्या पाठीत टाकणार हे ठरलेलं.

संमतीपत्रावर नुसती सही घेऊ नका. दोन फोन नंबर, चालू औषधं, कशाची अॅलर्जी, फिट किंवा दमा आहे का, रात्री अंथरूण ओलं करतो का. हा शेवटचा प्रश्न पालकांशी तोंडी, बाजूला घेऊन विचारा. त्या मुलाला तंबूच्या दाराजवळची जागा द्यायची आणि जादा चादर तुमच्याकडे ठेवायची, कोणाला कळायचं कारण नाही.

आणि हो, दोन मोठ्या माणसांशिवाय शिबिर नाही. मुलाशी कोणीही मोठं माणूस एकटं, आडोशाला नाही. मोठ्यांचा तंबू वेगळा. मुली असतील तर गाईड कॅप्टन किंवा दुसरी जबाबदार बाई मुक्कामाला हवीच. यात मुलांचं रक्षण आहे आणि तुमचंही. दुसरं माणूस मिळालं नाही तर यंदा शाळेच्या आवारात एका दिवसाचं शिबिर घ्या, संध्याकाळी घरी सोडा. काही बिघडत नाही. चार चुली तिथेही पेटतात.

पण माणूस मिळेल. 'माणूस येत नाही' असं तुम्ही म्हणता. तुम्ही विचारलंत कसं, हे पत्रात नाही. पालकसभेत उभं राहून 'स्काऊटला कोणी मदत कराल का?' विचारलं की सगळे पायाकडे बघतात, कारण हो म्हटलं की किती वर्षं अडकू ते त्यांना कळत नाही. घरी जाऊन एकेकाला एकच काम सांगा, सुरुवात आणि शेवट असलेलं. "शुक्रवारी चारला तुमचा टेम्पो, तंबू आणि पातेली किनाऱ्यावर टाकायची, रविवारी अकराला परत." "शनिवारची एक रात्र मुक्काम, जेवण मुलांच्या हातचं." गावच्या आशा स्वयंसेविका ताईंना सांगा, एक तास येऊन जखम बांधायला शिकवा. माजी विद्यार्थ्यांना रोव्हर म्हणून जोडून घ्या, त्यांना सोळा-सतराव्या वर्षी कोणी काही महत्त्वाचं काम सांगत नाही आणि त्यांना ते हवं असतं. मात्र अठराच्या आतला मुलगा 'मोठं माणूस' म्हणून मोजायचा नाही.

तुमच्या गावात तर जाळी विणणारी माणसं आहेत. जाळ्याच्या सुईनं पडणारी प्रत्येक गाठ म्हणजे आपली शीट बेंडच: सुई खालून वर फासात, मागून वळसा, आणि स्वतःच्याच दोऱ्याखालून बाहेर. तुम्ही फळ्यावर बाण काढून जी गाठ अर्धा तास समजावता, ती एखादा मच्छीमार आजोबा गप्पा मारता मारता मिनिटाला कितीतरी घालतो. त्यांना डिसेंबरात बोलावू नका, हंगाम असतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, तेव्हा जाळी दुरुस्तीलाच काढलेली असतात. जून-जुलैचे पावसाळी शनिवार, जेव्हा मैदानावर पाऊल टाकता येत नाही, तेव्हा मुलांनाच त्यांच्या पडवीत घेऊन जा. पायोनियरिंगला (बांबू आणि दोरीनं मनोरे वगैरे उभारायला) लागणारे बांबूही गावातच मिळतील. माणग्याच्या भरीव काठ्या चांगल्या, पण हिरव्या काठ्यांवरची लॅशिंग (सांध्यावरची दोरीची बांधणी) बांबू सुकला की ढिली पडते, म्हणून महिनाभर आधी तोडून सावलीत वाळवलेल्या हव्यात. मनोऱ्यावर कोणी चढायच्या आधी प्रत्येक सांध्यावर मोठ्या माणसानं स्वतः भार देऊन बघायचा.

जो पालक तीन-चार वेळा आपणहून आला, त्याच्यापाशी मग बेसिक कोर्सचा विषय काढा. पहिल्याच भेटीत सात दिवसांचं निवासी प्रशिक्षण म्हटलंत तर तो पुन्हा फोन उचलणार नाही.

नववीच्या गळतीबद्दल थोडंसंच. काही मुलं जाणारच, ती तुमची हार मानू नका. पण नववीतला मुलगा सातवीत शिकलेली रीफ नॉट तिसऱ्यांदा शिकायला का येईल? त्याला पथकनायक करा, शिबिराचा सामानप्रमुख करा, पाचवी-सहावीच्या मुलांच्या 'प्रवेश' या पहिल्या टप्प्याची तयारी त्याच्याकडे द्या. मुख्याध्यापकांना राज्य पुरस्काराचा आकडा हवा असतो, पालकांना दहावीच्या सवलतीच्या गुणांचा. त्यांच्याशी वाद नको. वर्गाप्रमाणे एक तक्ता करा, कोण प्रथम सोपानला, कोण द्वितीय, कोण तृतीय, पुढच्या टप्प्याला कधी पात्र होईल. दोन सोपानांमध्ये ठरावीक महिने जावेच लागतात, आयत्या वेळी नववीत घाई करून काही हाती लागत नाही, हे तक्ता बघितला की मुख्याध्यापकांना आपोआप दिसेल. आणि त्या तक्त्यात रिकामी घरं दिसली तर ती सहावी-सातवीची आहेत हेही दिसेल.

पैशांचं: खिशातून किती गेले ते लिहून ठेवता का? ठेवा. घरची बोलणी बऱ्याचदा वेळेपेक्षा या न लिहिलेल्या पैशांवरून असतात. शिबिराची वर्गणी, 'खरी कमाई'ची (मुलांनी कामं करून मिळवलेली) रक्कम, खर्च, सगळं एका वहीत, पावत्यांसकट, आणि शिबिरानंतर आठवड्याच्या आत पालकांसमोर. बुधवारची वीस मिनिटं शाळेच्या वेळेत, शनिवारी दीड वाजता घरी, आणि रविवार घरचा. मोडायचा तो फक्त शिबिराचा, तोही महिनाभर आधी घरी सांगून.

'मी सोडलं तर पथक बंद पडेल' हे आज खरं आहे, कारण सगळं तुमच्या डोक्यात आणि तुमच्या पिशवीत आहे. मेपर्यंत ते बाहेर काढा. मग राहिलात तरी हलके व्हाल, आणि सोडायचं ठरलं तर देता येण्यासारखं काहीतरी तुमच्या हातात असेल: प्रत्येक मुलाची सोपानांची नोंद, कोर्ट ऑफ ऑनरची वही, हिशेबाची वही, पालकांचे नंबर आणि कोण कशाला हो म्हणतो याची यादी, संघवार किराण्याची यादी, सामानाच्या कपाटाची चावी. पथकाच्या नोंदणीची आणि तुमच्या प्रशिक्षणाची कागदपत्रं वेगळ्या पाकिटात, एक प्रत जिल्हा कार्यालयात. तंबू मात्र मेच्या उन्हातच दोन दिवस सुकवून, वाळू झटकून, दोऱ्या वेगळ्या गुंडाळून माळ्यावर टाका. खारी ओल राहिली की पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते, आणि ऑगस्टमध्ये ज्याच्या हाती कपाट जाईल त्याला पहिल्याच दिवशी नव्या तंबूंसाठी पैसे मागत फिरावं लागेल.